सनद हाती आल्यानंतर

लातूरचे नाव घेतले की महाराष्ट्रातील पालकांना प्रथम आठवतो तो ‘लातूर पॅटर्न’. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशासाठी मुलांची कसून तयारी करून घेण्याची ही पद्धत गेली कित्येक वर्षे या शहराची ओळख बनून राहिली आहे. दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले येथे येतात, खोल्या घेऊन राहतात, रात्रीचा दिवस करतात. त्यांच्यापैकी जो पुढे डॉक्टर होतो, त्याला शेवटची परीक्षा उत्तीर्ण होताच स्वतंत्रपणे रुग्णाच्या अंगाला हात लावता येत नाही. एक वर्षभर त्याला रुग्णालयाच्या निरनिराळ्या विभागांत वरिष्ठांच्या देखरेखीखाली राबावे लागते आणि त्या काळात त्याला विद्यावेतनही मिळते. याच लातुरात दयानंद विधी महाविद्यालय आहे, नांदेडला नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत ही महाविद्यालये येतात. तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या हाती सनद आली की, कायद्याच्या दृष्टीने पाहता, दुसऱ्याच दिवशी त्याला वा तिला खुनाच्या खटल्यात आरोपीचे वकीलपत्र घेऊन उभे राहता येते.

शरीराच्या बाबतीत समाजाने जी सावधगिरी बाळगली, ती माणसाच्या जमिनीच्या, अब्रूच्या आणि स्वातंत्र्याच्या बाबतीत त्याने का बाळगू नये? वरवर पाहता हा शिक्षणव्यवस्थेचा प्रश्न वाटेल. परंतु शिकाऊ हाताने झालेल्या चुकीची किंमत कोण मोजतो, असे विचारले की तो न्यायाचा प्रश्न होतो. तो आपल्या घरांचाही आहे, कारण आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली आता या वाटेने जाऊ लागली आहेत.

याचा विचार कोणी केलाच नाही, असे नाही. १९६१ चा अधिवक्ता कायदा झाला तेव्हा सनदेपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद त्यात होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गळाली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये नियम करून एक वर्षाची उमेदवारी पुन्हा आणली, पण १९९९ साली व्ही. सुधीर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरविले. उमेदवारी निरुपयोगी आहे, असे काही न्यायालयाचे म्हणणे नव्हते. कौन्सिलला तसा अधिकार कायद्याने उरलेला नाही, एवढाच मुद्दा होता. पुढे अखिल भारतीय बार परीक्षा आली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने तिला मान्यता देताना १९९९ च्या त्या निर्णयाची भूमिकाही योग्य नसल्याचे सांगितले. पण परीक्षा ती परीक्षाच. चार पर्यायांतून एकावर खूण कशी करावी, हे लातुरात तरी कोणाला शिकवावे लागत नाही!

विद्यार्थिदशेतच व्यवहाराची ओळख व्हावी म्हणून २००८ च्या विधी शिक्षण नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी वीस आठवड्यांच्या अनुभवाची अट आहे. अभिरूप न्यायालय, प्रत्यक्ष खटल्यांचे निरीक्षण, मसुदालेखन हेही अभ्यासक्रमात आहे. ज्या प्राध्यापकाला आस्था असते, तो याचे सोने करतो. एरवी वह्या भरल्या जातात, त्यांवर सह्या होतात आणि गुण मिळतात. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, कारण न्यायालयाचा अनुभव नसलेल्याने थेट न्यायासनावर बसणे हितावह नाही. मग तसाच अनुभव नसलेल्याने गरिबाची बाजू एकट्याने मांडणे हितावह कसे?

पुस्तकात नसलेली ही विद्या असते तरी कोणती, हे मराठवाड्यात फार लवकर कळते. नांदेड आणि लातूर हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे कूळकायदा येथे वेगळा आहे, तो १९५० चा हैदराबादचा. जमिनीच्या जुन्या वादात हाती येते ते १९५४ च्या सुमाराचे खासरा पाहणी पत्रक. त्याही मागे जावे तर उर्दूतील कागद आणि मदतमाश, खिदमतमाश असे शब्द. हे शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिता येतात. पण एखाद्या खासऱ्यातील कोणती नोंद पुढच्या सातबाऱ्याशी जुळत नाही आणि ती न जुळण्यामागे कारकुनाची चूक आहे की कोणाचा डाव, हे त्या कागदांवर तीस वर्षे डोळे झिजविलेल्या माणसाजवळ बसूनच समजते. तो माणूस ते कोठे लिहून ठेवीत नाही. तो गेला की ते त्याच्याबरोबर जाते.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रियेचा आणि पुराव्याचा कायदाही बदलला. खुनाचे ३०२ कलम १०३ झाले. कलमांच्या पाठांतरापुरते पाहिले तर त्या दिवशी चाळीस वर्षांचा जुना वकील आणि काल सनद मिळालेला मुलगा एका पायरीवर आले. तरीही दुसऱ्या दिवशी लोक त्या जुन्या वकिलाकडेच गेले आणि ते योग्यच होते. साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारू नये, पक्षकार काय लपवीत आहे, कोणते प्रकरण लढवावे आणि कोणते मिटवावे, हे कोणत्याही संहितेबरोबर रद्द होत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आठवावा. सुमारे आठ हजार माणसे गेली. एकाच छपराखाली बाप आणि मुलगा दोघेही दगावले तर वारसा कोणाकडून कोणाकडे गेला? हिंदू वारसा कायद्याच्या २१ व्या कलमानुसार, उलट सिद्ध होईपर्यंत, वयाने लहान असलेला मागे राहिला असे मानायचे. ख्रिस्ती कुटुंबाला लागू होणाऱ्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात असे गृहीतक नाही. ज्याचा हक्क त्यावर अवलंबून असेल, त्याला पुरावाच द्यावा लागतो. वर्गात हे कलम दोन मिनिटांत सांगून होते. विधवा सून आणि दीर समोरासमोर बसलेले असताना तेच कलम कसे सांगावे, ही विद्या निराळी.

परंतु कौशल्याचा प्रश्न तेवढाच असता तर या विषयावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. उमेदवारीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कौशल्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते किंवा बिघडते. ज्युनिअरला पहिले काम मिळते ते बहुधा मुदत मागण्याचे. बोर्डावरील प्रकरण पुकारले की उठायचे आणि सीनिअर साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत असे सांगायचे. पुष्कळदा ते खरोखर असतात. कधी नसतातही. त्या दिवशी मजुरी बुडवून, पहाटेच्या एस.टी.ने आलेला एक म्हातारा मागच्या बाकावर बसलेला असतो. त्याला पुढची तारीख मिळते. ज्युनिअरने खोटे बोलून चोरी केली नाही, कोणाचा घात केला नाही. फक्त एक लहानसे असत्य सर्वांच्या संमतीने उच्चारले. न्यायाधीशांना ते ठाऊक असते, समोरच्या वकिलालाही ठाऊक असते. शंभराव्या वेळी ते उच्चारताना जीभ अडखळत नाही.

सद्गुण हा सवयीने अंगी येतो, असे ॲरिस्टॉटलने सांगितले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी ते ख्रिस्ती नीतिविचारात आणले. घरे बांधून माणूस गवंडी होतो, तसा न्यायाने वागून न्यायी होतो. दुर्गुणालाही हाच नियम लागतो. म्हणून उमेदवारीकडे नुसते ‘अनुभवाची वर्षे’ म्हणून पाहणे अपुरे आहे. त्या वर्षांत कोणाच्या तरी सावलीत एका माणसाची सदसद्विवेकबुद्धी घडत असते. महाविद्यालयात व्यावसायिक नीतीचा एक विषय असतो, पण त्याची खरी परीक्षा सीनिअरच्या टेबलाजवळ होते आणि तेथे गुण देणारा कोणी नसतो.

अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात एक संपूर्ण प्रश्न वकिलांसाठी राखून ठेवला आहे. तेराव्या शतकातील हा धर्मगुरू जे मुद्दे घेतो ते नांदेडच्या बार रूममध्ये आजही निघावेत असे आहेत. गरिबाचे काम फुकट करणे वकिलाला बंधनकारक आहे काय? सदैव नाही, असे ते म्हणतात, कारण एकटा माणूस जगातील सर्व गरजवंतांना पुरा पडू शकत नाही. मात्र गरज निकडीची असेल आणि दुसरा कोणी मदतीला येण्यासारखा नसेल, तर तो बांधील आहे. प्रकरण अन्यायाचे आहे हे कळूनही ते लढविणारा पाप करतो. आरंभी न्यायाचे वाटून मध्यावर अन्यायाचे आढळले तर पक्षकाराचे गुपित विरोधकाकडे फोडू नये, पण ते सोडून द्यावे किंवा पक्षकाराला तडजोडीस वळवावे. आणि फी? ती घेण्यास हरकत नाही, पण माणसाची ऐपत, कामाचे स्वरूप, श्रम आणि देशातील रीत पाहून, माफक.

या चौकटीत नवख्या वकिलाचा प्रश्न कोठे बसतो? ज्याला काम पेलत नाही त्याने ते एकट्याने पत्करले, तर तो पक्षकाराला जे देऊ केले ते देत नाही. सदोष माल विकण्यासारखाच हा प्रकार आहे, फरक एवढाच की पक्षकाराला दोष दिसत नाही. संत अल्फोन्स लिगोरी यांचे चरित्र येथे उपयोगी पडते. नेपल्समध्ये सोळाव्या वर्षी ते कायद्याचे पंडित झाले, नामांकित वकील म्हणून गाजले. १७२३ साली एका मोठ्या जमीनदारीच्या खटल्यात त्यांनी प्रभावी भाषण केले आणि मग विरोधी वकिलाने त्यांच्या नजरेतून सुटलेला एक दस्तऐवज पुढे केला. अल्फोन्स यांनी तेथल्या तेथे आपली बाजू पडल्याचे मान्य केले आणि न्यायालयाची पायरी कायमची सोडली. पुढे ते धर्मगुरू झाले, रिडेम्प्टोरिस्ट संघ स्थापिला आणि ख्रिस्तसभेचे नीतिशास्त्राचे आचार्य ठरले. ही गोष्ट आपण बहुधा वैराग्याची कथा म्हणून सांगतो. मला तिच्यात निराळेच दिसते. आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेल्या बुद्धिमान वकिलाच्या हातूनही एक कागद निसटू शकतो. मग ज्याच्या कागदांवरून दुसऱ्या कोणाचीच नजर फिरलेली नाही, त्याच्या पक्षकाराने काय करावे? आणि तो पक्षकार श्रीमंत नसतो. श्रीमंताला नवखा वकील करावा लागत नाही.

तेव्हा शिकविणारा हवा. येथे सीनिअर मंडळींची बाजू ऐकली पाहिजे आणि ती पोकळ नाही. ते म्हणतात, आम्ही विद्या देतो, वर पैसेही आम्हीच द्यायचे काय? आमच्या सीनिअरनी आम्हाला एक रुपया दिला नव्हता. पूर्वी शिष्य गुरूच्या घरी लाकडे फोडीत असे. शिवाय दोन वर्षे शिकवावे आणि तिसऱ्या वर्षी त्याने समोरच्या गाळ्यात पाटी लावून आमचेच पक्षकार न्यावेत!

यातील शेवटची तक्रार मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण आधीचे म्हणणे तपासून पाहावे. शिष्य लाकडे फोडीत असे हे खरे, पण त्याला गुरूच्या घरी दोन वेळचे अन्न मिळत असे. आजचा ज्युनिअर नकलेचे अर्ज देतो, तारखा घेतो, मसुदे टंकलिखित करतो, ई-फायलिंग करतो (हे काम तर बहुतेक ठिकाणी तोच सीनिअरला शिकवितो). त्यातून सीनिअरला उत्पन्न होते. जे काम दुसऱ्याच्या उत्पन्नात भर घालते त्याचा मोबदला ही दया नव्हे, देणे आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात मजुरीविषयी हेच सांगितले, की कामगार राजी झाला एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी दिलेली संमती ही पुरती संमती नसते. गिरणीतील मजुराला लावलेले तत्त्व काळ्या कोटातील उमेदवाराला लावायला आपण का कचरतो, हे मला उमगत नाही.

फुकट राबविण्याच्या रीतीचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. तीन वर्षे बिनपैशाची काढायला मागे शेती, घर किंवा वकील बाप लागतो. ज्याच्याजवळ यातले काही नाही तो सहा महिन्यांत स्पर्धापरीक्षेच्या शिकवणीत जाऊन बसतो किंवा एखाद्या पतसंस्थेत चिकटतो. म्हणजे ज्याने गरिबी पाहिली आहे तोच वकिलीतून गळतो. मुलीची अडचण आणखी वाढते. सायंकाळी उशिरापर्यंत चालणाऱ्या ऑफिसात तिने बसावे की नाही, यावर घरात चर्चा होते, मुलाच्या बाबतीत होत नाही.

शासन आणि न्यायालये थोडी जागी झाली आहेत. सनदेच्या नोंदणीसाठी अनेक राज्यांत हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की कायद्यातील आकड्यापेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० आणि अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक घेता येणार नाही. (दलित ख्रिस्ती मुलाला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ७५० च भरावे लागणार. रक्कम क्षुल्लक आहे, तिच्यामागचा अन्याय तेवढा क्षुल्लक नाही.) त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असे परिपत्रक काढले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर कंधार, मुखेड, निलंगा किंवा अहमदपूर येथील कितीतरी सीनिअरांना स्वतःलाच दरमहा खात्रीने एवढे मिळत नाही. त्यांच्याकडून पंधरा हजारांची अपेक्षा करणे म्हणजे जे देता येईल तेही न देण्याची सबब त्यांच्या हाती देणे होय.

त्यांना देता येण्यासारखे पुष्कळ आहे. येण्याजाण्याचे भाडे. वकीलपत्रावर आपल्या नावाखाली ज्युनिअरचे नाव. लाल शाईने दुरुस्त केलेला मसुदा, नुसता बाजूला टाकलेला नव्हे. वर्षभराने एखाद्या लहान साक्षीदाराची उलटतपासणी, स्वतः शेजारी बसून. आणि मुख्य म्हणजे खोटे कारण सांगून मुदत मागायला न पाठविण्याचा निश्चय. नांदेड-लातुरात अशी माणसे नाहीत असे कोणी म्हणू नये. ती आहेत, त्यांच्याकडे ज्युनिअर टिकतात आणि तालुक्याच्या कोर्टांत त्यांचे शिष्य चालण्याबोलण्यावरून ओळखू येतात. पण समाजाने हे काम थोड्यांच्या चांगुलपणावर सोडले आहे. वैद्यकीला ते तसे सोडलेले नाही.

आता थोडे आपल्याविषयी. काका बॅप्टिस्टा हे टिळकांचे सहकारी बॅरिस्टर आपल्या समाजातले, ते १९२५ साली मुंबईचे महापौर झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण मराठवाड्यातील धर्मग्रामातून एखादी मुलगी पहिली वकील होते तेव्हा आपण काय करतो? मिस्सानंतर तिचा सत्कार करतो, शाल देतो. पुढच्या रविवारपासून चर्चच्या आवारात तिच्याभोवती माणसे जमू लागतात. कोणाचा सातबारा, कोणाच्या भाडेकरूचे भांडण, कोणाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यातील नावाची चूक. ‘आपलीच मुलगी आहे’ म्हणून सारे फुकट. ज्याचे प्रकरण मोठे आणि फी देण्याची तयारी असते, तो मात्र शहरातल्या नामांकित वकिलाकडे जातो. दीड वर्षाने ती वकिली सोडून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करू लागली की आपणच हळहळतो आणि घरची माणसे म्हणतात, तरी आम्ही सांगत होतो.

मराठी बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला ‘कैवारी’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द न्यायालयातही वापरला जाई, बाजूला उभे राहण्यासाठी ज्याला बोलाविले जाते तो. ‘वकील’ हा शब्द अरबीतून आला आहे आणि ज्याच्यावर काम सोपविले तो, असा त्याचा अर्थ. पहिल्या शब्दात जवळीक आहे, दुसऱ्यात भरवसा. नव्या वकिलाकडून आपण जवळीक हक्काने मागतो, भरवसा ठेवण्याची वेळ आली की आपले पाय मागे येतात.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला येशूने एका शास्त्र्याला, म्हणजे त्या काळच्या कायदेपंडिताला, त्याच्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितला, हे सहसा ध्यानात येत नाही. त्या दाखल्यात एक उतारशाळेचा मालक आहे. शोमरोनी जखमी माणसाला त्याच्या स्वाधीन करतो, परंतु पुण्याचे काम आहे म्हणून त्याने ते फुकट करावे असे सांगत नाही. दोन नाणी काढून देतो आणि जास्त खर्च झाला तर परतताना तोही भागवीन असा शब्द देतो. दया शोमरोन्याची होती, म्हणून खर्चही त्याने आपल्याकडेच ठेवला.

धर्मग्राम मंडळाने गरीब कुटुंबाच्या वारस दाखल्याचे किंवा मुलाच्या जामिनाचे काम नव्या वकिलाकडे द्यावे, कुटुंबाची ऐपत नसेल तर माफक फी मंडळाच्या निधीतून भरावी आणि त्याचे कागद कोणा जाणत्या वकिलाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, एकदा नजरेखालून घालावेत अशी विनंती करावी. यासाठी ठराव लागत नाही की संस्था नोंदवावी लागत नाही. ज्याची ऐपत आहे त्याने पहिल्याच भेटीत, अर्जाचा मसुदा मागण्यापूर्वी, फी किती ते विचारावे. आणि त्या मुलीने, लाजत का होईना, आकडा सांगावा.